चालली तर

१० जानेवारी

परत मेली! किल्ली फिरवली की नुसतं टक् टक्. बाहेर उणे एकोणीस. पेश्टरच्या पठारावर ढकलून सोडावी तर उतारही नाही.

शेजारचे चामिलकाका कुंपणावरून मजा बघत होते. "काय इंजिनिअरसाहेब, गाडीही मालकावर गेली वाटतं? सगळं अर्धवट!"

कॉलेज सोडून वर्ष होत आलं, गाव अजून तेच चघळतंय. शेवटी काकांनीच ट्रॅक्टरला बांधून ओढली, तेव्हा सुरू झाली. आता महिनाभर ऐकवतील.

काल संध्याकाळी हीच गाडी मस्त पळत होती! अल्मासाला सिएनित्सा शहरातून, जर्मन भाषेच्या शिकवणीवरून आणलं. ती समोरच राहते, आजीबरोबर. डिकीतून पिठाची पिशवी काढताना म्हणाली, "एवढी म्हातारी गाडी, पण डिकीतला दिवा अजून लागतो बघ! आणि झाकण अर्धवट लावलं ना, तर—" पुढे काहीतरी सांगत होती. मी कुठला ऐकतोय. तिच्या कानापाशी केसांत बर्फ अडकला होता.

१२ जानेवारी

ती जाणार. ठरलं. परदेशी, ग्राझला, मावशीकडे, म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात कामाला. एकवीस तारखेची पहाटेची बस, नोवी पाझारहून.

"हारिस सोडतो म्हणतोय," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. गावभर मिरवणाऱ्या त्या पोराच्या नव्याकोऱ्या गाडीतून? "मी काय मेलोय? मी सोडतो!"

तिने मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. मग म्हणाली, "बरं. हारिसची नको, दुसरी कुठलीच नको. तुझ्याच गाडीने. चालली तर जाईन. नाही चालली तर नाही."

टोमणा! तिनेसुद्धा!

"चालेल! बघच तू!" म्हणालो. घरी येऊन उशीत तोंड खुपसून पडलो.

१३ जानेवारी

पुन्हा बंद. काल अल्मासाला आणलं तेव्हा तर धड होती! पुन्हा ट्रॅक्टर. काका म्हणतात, "आम्ही रोज रात्री बॅटरी काढून घरात आणायचो, चुलीपाशी निजवायचो. लेकरासारखी." मी काय म्हातारा आहे बॅटरी कडेवर घेऊन फिरायला?

जंप स्टार्टर घेणार. विटेएवढा डबा, दोन चिमटे लावायचे, गाडी सुरू. कुणाचे उपकार नकोत.

१५ जानेवारी

घ्यायचा कुठला पण? दुकानात तीन होते. एक भला मोठा, बघूनच सोडून दिला. एक मधला, जाड वायरींचा, माझ्या ऐपतीच्या जरासा बाहेर. आणि एक साबणाच्या वडीएवढा, स्वस्त, खोक्यावर करंटचा भलामोठा आकडा.

मला कळतं की! कॉलेजात तेवढं तरी शिकलोय. तो मोठा आकडा क्षणभराचा असतो. डिझेल गाडीला थंडीत दम लागतो, आणि असल्या पातळ वायरींतून तो येत नाही. सगळं कळत होतं. तेवढ्यात मागून हारिस. "अरे, तुझ्या खटाऱ्याला स्टार्टर नको, मौलवी बोलव!"

दुकानदारही हसला. स्वस्तातला उचलला नि तडक बाहेर पडलो.

१६ जानेवारी

एकदा घुर्र. मग डबाच मेला. मी त्याच्यापेक्षा जास्त.

१७ जानेवारी

उठावंसंच वाटत नाही. बसस्टँडवर हारिस तिची बॅग उतरवतोय, हेच डोळ्यांपुढे. ती गेली की या पठारावर उरतं काय? वारा, मेंढ्या आणि मी. असल्या माणसाकडून ती कशाला काही अपेक्षा करेल?

१८ जानेवारी

कॉलेजचा कॅल्क्युलेटर विकला. कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवला होता, आईनेच. तिला अजून वाटायचं मी परत जाईन. तिने फक्त ते फडकं घडी घालून परत ठेवलं.

मधला घेतला. चिमटे चांगले भक्कम. थंडीत ठेवायचा नाही असं लिहिलंय, म्हणून पांघरुणात घेऊन झोपतोय. चामिलकाकांना कळलं तर संपलंच!

२० जानेवारी

संध्याकाळीच तिची बॅग डिकीत ठेवली. झाकण मी स्वतः आपटलं. निघालो तर ती वळली, "मफलर ठेवायचा राहिला," म्हणत पुन्हा डिकीपाशी.

तिची आजी दारातून ओरडली, "अगं, निघालेल्या माणसाने मागे फिरू नये! प्रवास अडतो!"

"अडू दे की," अल्मासा म्हणाली. मफलर आत टाकला, झाकण हलकेच टेकवलं. म्हातारीची चेष्टा करते, हसू आलं मला.

मग माझ्याजवळ येऊन थांबली. "तुला काही बोलायचंय?"

मी खिशातली किल्ली चाचपली. म्हणालो, "काळजी करू नकोस. या वेळी नक्की चालणार."

२१ जानेवारी

गाडी मेलेलीच होती. पण स्टार्टर लावला मात्र, पहिल्या फटक्यात सुरू! मी ओरडलोच. अल्मासा ओट्यावर उभी होती. "चालू झाली?" एवढंच म्हणाली. आजीने गाडीमागे तांब्याभर पाणी ओतलं, वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून. ते तिथेच गोठलं.

वाटभर ती मागे वळून बघत होती. बसस्टँडवर मी बॅग काढली, डिकी आपटली. "बघ, वेळेत आणलं," म्हणालो.

"हो. आणलंस."

बस सुटली तरी तिने खिडकीतून हात केला नाही. रडत होती. आजीसाठी असेल.

२३ जानेवारी

उणे बावीस. गाडी नुसत्या किल्लीवर सुरू झाली. आता कशाला?

२४ जानेवारी

आजही. ट्रॅक्टर नको, स्टार्टर नको. ती असताना काय रोग झाला होता हिला!

२७ जानेवारी

काकांचे चीजचे डबे बाजारातून आणले. अंधारात उतरवले, हात अडकलेले, म्हणून डिकीचं झाकण कोपरानेच हलकं टेकवलं. फटीत पिवळी रेघ! आतला दिवा जळतच होता. आपटलं तेव्हा विझला.

हेच सांगत होती ती त्या दिवशी, रात्रभर दिवा जळून बॅटरी उतरते ते. आणि वीस तारखेला मफलर टाकून झाकण तिनेच हलकं टेकवलं.

चालली तर जाईन, म्हणाली होती. मी चालवली.