युरियाचा हिरवा कडबा

लातूर, १७ मार्च १९८३

आज दुपारी सव्वातीनला माझी कपिली गाय गाभडली. रक्त तपकिरी पाहून गुरांचे डॉक्टर म्हणाले, कडब्यात नायट्रेटचं विष आहे. पाऊस येईल म्हणून गावातल्या धोंडिबानं ज्वारीला दुप्पट युरिया घातला. पाऊस आलाच नाही, खत ज्वारीच्या ताटांतच साचलं. तोच कडबा चारा डेपोत आला.

डेपोचे साहेब म्हणतात, "बाई, हिरवा कडबा सकसच असतो. लोक भांडून नेऊन राहिलेत."

"मग तुम्हीच खाऊन दाखवा," म्हटलं.

पण पिवळ्या पेंढ्या बाजूला सारून हिरव्या मीच उचलल्या ना? कपिलीला हिरवं आवडतं म्हणून...

नव्या जिल्ह्याला कचेरी मिळाली, कडबा तपासणारा नाही. आणि त्याच पेंढ्या उद्याही वाटणार.

सकाळीच कचेरीत अर्ज देते: वाटप थांबवलं की नाही, शनिवारी बाराच्या आत लेखी कळवा.