डाव्या डोळ्यामागची गाठ

३ फेब्रुवारी, दुपारी
आज विचित्रच झालं. रंगाच्या कारखान्यात इतकी वर्षं रंगाची शेड नुसत्या डोळ्यांनी पास करतोय, माझ्या नजरेबद्दल अजून कोणी चकार शब्द काढलेला नाही. आज पांढऱ्याची बॅच तपासत होतो, तर नमुन्याच्या पट्टीवर करवतीच्या दात्यांसारख्या रेघा चमकायला लागल्या. बॅच नापास केली. मिक्सिंगवाला म्हणाला, साहेब, पट्टी तर स्वच्छ आहे. त्याला काय कळतंय. अर्ध्या तासाने रेघा गेल्या आणि डाव्या डोळ्यामागे घण पडायला लागले. मग पट्टी परत पाहिली. स्वच्छ होती. पण एकदा नापास म्हणजे नापास. शब्दाला काही किंमत असते.
संकल्प: कोणाला सांगायचं नाही. पुरुषाने दुखणं गिळावं.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी
बायकोला सांगितलं. मिक्सिंगवाल्याला, वॉचमनला आणि फोनवर मेव्हण्याला आधीच सांगून झालं होतं. बायको म्हणाली, तुम्हालाही मायग्रेन सुरू झालं वाटतं. तिला लग्नापासून आहे, म्हणून सगळ्या जगाला तेच असणार. तिचं वेगळं. तिचं डोकं दुखतं, ती पडदे ओढून पडते, संपलं. माझ्या डोक्यात काहीतरी घडतंय.

५ फेब्रुवारी
नेटवर शोधलं. डोकेदुखी, नजरेत बदल, मळमळ. तिन्ही आहेत. वरती सगळीकडे मायग्रेन लिहिलंय, ते सोडून खाली गेलो. अगदी तळाला सापडलं: मेंदूतला ट्यूमर. खरी माहिती लोक नेहमी तळाला दडवतात.
संकल्प: आजपासून नेट बंद.

६ फेब्रुवारी
ट्यूमरचे प्रकार वाचता वाचता जेवण राहिलं. दुपारी डोकं ठणकलं. गाठ वाढतेय.

९ फेब्रुवारी
फॅमिली डॉक्टर. आत जाऊन नीट बसलोही नव्हतो, तोवर मायग्रेन म्हणून मोकळे. उपाशी राहू नका, वेळेवर झोपा, दुखण्याच्या गोळ्या सारख्या खाऊ नका. मी म्हटलं, हे बायकांचं दुखणं ना? तर म्हणाले, पुरुषांनाही होतं, प्रमाण कमी, इतकंच. एवढा शिकलेला माणूस, पण जे हाताशी आहे तेच सगळ्यांना वाटत सुटतो. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, चला, जिवात जीव आला. कोणाच्या जिवात?

१३ फेब्रुवारी
मॅनेजरना विश्वासात घेतलं. डॉक्टर मायग्रेन म्हणाले हा तपशील गाळला, त्यांना उगाच गोंधळात कशाला टाका. म्हटलं, माझ्या हाती फार दिवस नाहीत, पण डोळे मिटेपर्यंत शेड मीच पास करणार. त्यांचे डोळे भरून आले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, तुम्ही आता काही करायचं नाही. सोमवारपासून शेड नवं मशीन आणि लॅबमधल्या बाई बघतील. माझ्या बोलण्याचा परिणाम जरा जास्तच झाला. पण बाईंना ही नजर कुठून येणार? आठवड्याभरात हातापाया पडत येतील.

१५ फेब्रुवारी, रविवार
सकाळपासून डोकं. बायकोही पडलेली. एका घरात दोन डोकी एकदम दुखून चालत नाही, कोणीतरी समजून घ्यायला हवं. मीच समजून घेतलं. चहा स्वतः केला. तिलाही विचारणार होतो, पण दुखत असताना तिला आवाज सहन होत नाही, म्हणून हाक मारली नाही.

१९ फेब्रुवारी
मन स्वच्छ करून जायचं ठरवलंय. धाकट्या भावाला फोन केला आणि त्याला सगळं माफ केलं. तो म्हणाला, कशाबद्दल? मग एकेक सांगितलं. आता तोच बोलत नाही.

२३ फेब्रुवारी
रोज गोळ्या. जितक्या जास्त घेतो तितकं जास्त दुखतं. यापेक्षा ढळढळीत पुरावा कोणता? बाई अजून हातापाया पडायला आल्या नाहीत. लाजत असतील.

२ मार्च
मेंदूचे मोठे डॉक्टर. वाईट बातमी ऐकताना शेजारी कोणीतरी असावं म्हणून बायकोला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत टॉर्च मारला, नाकाला बोट लावायला लावलं, सरळ रेषेत चालवलं. विचारलं, झटके येतात? हातापायातली ताकद गेली? बोलताना शब्द अडतात? सगळ्याला नाही म्हणावं लागलं. शेवटी विचारलं, स्वभावात काही बदल? मी बायकोकडे आशेने पाहिलं. तिने विचार केला आणि म्हणाली, नाही, पहिल्यापासून असेच आहेत. डॉक्टरांना खोकला आला.

मग त्यांनी समजावलं. ट्यूमर असला तर सहसा तो नुसतं डोकं दुखवून गप्प बसत नाही, यातलं काहीतरी बरोबर येतंच. मायग्रेन वाढत वाढत ट्यूमर होतो, असंही नसतं. तुमच्या त्या दातेरी रेघा मायग्रेनच्याच. आणि आता जे रोज दुखतंय ते बरंचसं गोळ्यांमुळे. स्कॅनची गरज नाही. मी म्हटलं, स्कॅन केल्याशिवाय मी उठणार नाही. त्यांनी लिहून दिला.

उठणार इतक्यात डॉक्टरांनी बायकोला विचारलं, मघाशी रेघांचं यांच्याआधी तुम्हीच सांगत होतात, ते कसं? ती म्हणाली, मला आहे ना, लग्नाआधीपासून. डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मला बाहेर बसवलं. माझ्या वेळेत ती बोलत राहिली. महिन्यातले आठ-दहा दिवस जातात म्हणे. मला वाटायचं दोन-तीन. पण मी घरी असतोच कुठे. तिला रोज घ्यायची एक गोळी दिली, दुखणं यायच्या आधीच अडवणारी. फी एकाची, पेशंट दोन.

७ मार्च
स्कॅन. संकल्प: धीराने सामोरं जायचं. मशीनमध्ये सरकवताना हातात रबरी फुगा देतात, घाबरलात तर दाबायचा. तो चालतो का ते पाहायला एकदा दाबला. नंतर पुन्हा खात्री केली. तिसऱ्यांदा टेक्निशियन म्हणाला, काका, आता मशीनपेक्षा मीच घाबरलोय.

९ मार्च
रिपोर्ट नॉर्मल. दोनदा वाचला, मागची बाजूही पाहिली. बायको दवाखान्याच्या पायऱ्यांवर खाली बसली आणि रडायला लागली. म्हणाली, झोप नव्हती हो मला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मग ऑफिस आठवलं. त्या लोकांना आता काय तोंड दाखवायचं?

१० मार्च
मॅनेजरनी मिठी मारली. मिक्सिंगवाला म्हणाला, साहेब, डोक्यात काहीच सापडलं नाही म्हणे. सगळे हसले, आनंदानेच असेल. मी माझी जागा परत मागितली. मॅनेजर खाली बघत म्हणाले, मशीन आल्यापासून एकही बॅच परत आलेली नाही. मला गोदामात दिलंय. रिकाम्या डब्यांची झाकणं तपासायची. झाकणालाही नजर लागतेच.

२ एप्रिल
बायकोला गोळी मानवली. पडदे दिवसभर उघडे. काम करताना गुणगुणते. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तिला गाता येतं हे माहीतच नव्हतं. घरात इतका उजेड की माझे डोळे दुखतात. तिला तसं म्हटलं, तर तिने लगेच माझ्या बाजूचा पडदा ओढला. 

१२ एप्रिल, रविवार, दुपारी
बायको बहिणीकडे गेलीय, दिवसभरासाठी. कितीतरी वर्षांत असं कधी गेली नव्हती. अकराला रेघा आल्या, मग घण. असं कधीच दुखलं नव्हतं. फोन केला. ती म्हणाली, मोठ्या डॉक्टरांनी रेघा आल्या की घ्यायला दिलेली ती पांढरी गोळी आत्ताच घ्या, अंधार करा, मी निघते. मी म्हटलं, नको, राहा. का म्हटलं कोणास ठाऊक.

पोटात ढवळून आलं. बाथरूमपर्यंत जाता येईना. तिच्या बाजूने पलंगावरून वाकलो, तर खाली बरोबर हाताशी एक बादली. नशीबच म्हणायचं. शेजारी ओल्या फडक्याचा डबा, पाण्याची बाटली. कधीपासून तिथे आहे, कल्पना नाही.

आता जरा बरं आहे. पडल्या पडल्या लिहितोय. बादलीच्या कडीला चिंधी गुंडाळलीय, घट्ट, पुन्हा पुन्हा धुऊन रंग गेलेली. वाजू नये म्हणून असणार. कोणाची झोप मोडणार होती, कळत नाही. खोलीत आम्ही दोघंच तर झोपतो.