खुणेची सुरमई

फुजैरा, मार्च १९६८

प्रिय मैमुनास सलाम आणि मुलांना दुआ.

तब्येत उत्तम आहे, जेवण वेळेवर होतं. नूरुद्दीनचा खोकला थांबला का?

गेल्या पत्रात 'कदाचित लवकर घरी येईन' असं लिहिलं होतं. त्याचं कारण आता सांगायला हरकत नाही. आम्ही सुरमई पकडून तिच्या पाठीला पिवळा बिल्ला अडकवतो आणि परत सोडतो. गळ टाकणाऱ्यांनी बिल्ला आणून दिला की मासा कुठवर गेला, किती वाढला, ते कळतं. पण हिवाळाभर एकही बिल्ला आला नाही. मासे मेले असावेत, असं म्हणून साहेब काम बंद करणार होते. माझ्याच हातून बिल्ले नीट बसत नव्हते की काय, हे मनातून जाईना.

शेवटी किनाऱ्यावर हमदुल्ला कोळ्याला विचारलं. तो हसला.

"सापडतात की! पण खूण केलेला मासा म्हणजे कुणाच्या तरी मालकीचा. आम्ही सोडून देतो. दुसऱ्याचा माल हराम, हबीबी!"

जुम्म्याच्या नमाजानंतर मी सगळ्यांना सांगितलं, "मासा खुशाल खा, फक्त बिल्ला द्या."

काल पहिला बिल्ला आला. काम चालू राहणार. तो मासा वर उत्तरेला खोर फक्कानच्या किनाऱ्याला सोडलेला. इकडे का आला असेल?

बिल्ल्यासोबत हमदुल्लाने अर्धी सुरमईही आणली. "हा मालकाचा हिस्सा." समुद्रातला मासा माझा नव्हे, हे परोपरीने सांगितलं. तो ऐकेना.

मी ती खाल्ली. चवदार होती. खायला हवी होती का, तेवढं तू कळव.

तुझा,
बदरुद्दीन