फसलेल्या कादंबऱ्यांचा महिना

सर,

मार्च महिना तुम्हाला दिलाय. आपलं वाचक मंडळ चालवणाऱ्या बाईंनी आज दुपारी फोन करून पक्कं सांगितलं. बातमी एकाच तोंडून आली तर छापायची नाही, ही सवय माझी अजून गेलेली नाही, म्हणून मी तुमच्या मुलीलाही विचारलं. ती म्हणाली, "हो, मार्चच. प्रती मी स्वतः आणून देतेय." म्हणजे नक्की. तुमच्या हयातीत जिचं एक पान तुम्ही कुणाला दाखवलं नाहीत, ती कादंबरी आता सगळं मंडळ महिनाभर वाचणार, आणि तिच्यावर पहिल्यांदा बोलायचं काम माझ्याकडे आलंय. त्या महिन्याच्या विषयाला नावही मीच द्यायचंय, उद्या सकाळपर्यंत. नाव माझ्याकडे तयार आहे. ते तुम्हीच दिलेलं आहे: फसलेल्या कादंबऱ्या.

तुम्ही विसरला असाल, मी विसरलेलो नाही. दिवाळीचा फराळ संपता संपता आपण सगळे भाईंदर पूर्वेच्या तुमच्या घरी जमायचो, पुढच्या वर्षाचे बारा विषय ठरवायला. बाहेरच्या खोलीत पुस्तकांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून बैठक स्वयंपाकघरात. जमिनीवर सतरंजी, मधे तांब्याचं तबक, आणि प्रत्येकाच्या हातात एक एक सुपारी. ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी विषय सुचवायचे: वेढे, राजमाता, समुद्रावरची माणसं, फितुरी. नको असलेल्या विषयावर आपली सुपारी तबकात टाकायची. सुपारी पडली की विषय मेला, कारण विचारायचं नाही. वर्षाला एकच सुपारी, वापरली की संपली. हा नियम तुमचा. स्टेशनसमोर वह्या-पुस्तकांचं दुकान असलेले आपले शेठ पहिल्या वर्षी हसून म्हणाले होते, "सर, पिक्चरमंदी सुपारी दिल्यावर माणूस जातो, तुमच्याकडे टॉपिक जातो!" तुम्ही हसला नव्हता. तुम्हाला दुसऱ्याचे विनोद फारसे आवडायचे नाहीत.

मी पहिल्या वर्षी सुचवलं, मिठागर. आमच्या घराण्याची मिठागरं होती, वडिलांनी सगळं आयुष्य बांधावर काढलं, त्यामुळे तो विषय मला सुचणं साहजिक होतं. शाळेत इतिहास तुम्ही शिकवलात. वसईची मोहीम तुम्ही फळ्यावर खडूने लढवायचात, आणि त्या मोहिमेच्या नकाशात आमचं गाव म्हणजे खडूचा एक ठिपकाही नसायचा. सैन्य मीठ खातं, किल्ल्यातली कोठारं मिठाने भरतात, मग ते मीठ डोक्यावरून वाहणारी माणसं एकाही कादंबरीत का नाहीत, हा महिनाभर बोलण्यासारखा प्रश्न आहे, असं मी म्हणालो. तुमची सुपारी तबकात पडली. दुसऱ्या वर्षी तुम्ही म्हणालात, "काय वार्ताहर, पुन्हा मीठ?" आणि पुन्हा टाकलीत. तिसऱ्या वर्षी मी तोंड उघडायच्या आधीच तुमचा हात तबकावर होता. सगळे हसले. मीही हसलो, कारण आपल्या सरांनी आपल्याला मंडळात जागा दिलीय, याचाच तेव्हा मोठा अभिमान होता. नियमाने कारण द्यायचं नसतं, तरी त्या दिवशी चहाचा कप हातात देताना तुम्ही कारण दिलंत. "ज्यावर कुणी कादंबरी लिहिली नाही, त्यावर महिना घालवायला आपण रिकामे नाही."

म्हणून मी कादंबरी लिहिली. रोज सकाळी, वर्तमानपत्राच्या कचेरीत जायच्या आधी. वेळेत मजकूर द्यायची सवय असल्याने ती पूर्णही झाली, छापूनही आली. पहिली प्रत तुम्हाला दिली. तुम्ही ती उलटी करून मलपृष्ठ पाहिलंत आणि म्हणालात, "छपाई बरी आहे." त्यानंतर दिवाळीपर्यंत एक अक्षर नाही. त्या वर्षीच्या बैठकीत फेब्रुवारीसाठी गडकिल्ले आले, सलग चौथ्यांदा, आणि मी वैतागून माझी सुपारी तिथेच टाकून बसलो. डिसेंबरपर्यंत पोचलो तेव्हा तुम्ही माझ्या रिकाम्या हाताकडे पाहिलंत. तुम्ही ते पाहताना मी तुम्हाला पाहिलं, सर. मग म्हणालात, "शेवटचा महिना, फसलेल्या कादंबऱ्या. त्यातूनही शिकायला मिळतं." कुठल्या कादंबऱ्या, असं बाईंनी विचारलं. "ते पुढे सांगू." सगळ्यांना कल्पना आवडली. कुणाची सुपारी पडली नाही.

पुढे सांगितलंत तेव्हा नावं तीन होती. दोन लेखक केव्हाच गेलेले. तिसरा मी.

डिसेंबरच्या त्या चर्चेच्या बैठकीला मी वडिलांना आणलं होतं. तो माझा निर्णय होता आणि त्याबद्दल मला खंत नाही, कारण माझ्या पुस्तकावर चर्चा आहे एवढंच मी घरी सांगितलं होतं आणि चर्चेचा अर्थ आमच्या घरात चांगलाच होतो. ते धुतलेला सदरा आणि टोपी घालून स्वयंपाकघराच्या दाराशी बसले. तुम्ही त्यांना पाहिलंत, नमस्कार केलात, पाणी दिलंत. आणि मग बोलायला लागलात. भाषा बातमीची आहे, पात्रं बांधावर उभी राहतात आणि तिथेच वाळतात, असं सगळं. ते मी सहन केलं असतं, त्यातलं निम्मं खरंही होतं. पण शेवटी तुम्ही म्हणालात, "मिठात काही उगवत नाही. माणूसही नाही आणि कादंबरीही नाही." दाराकडे न बघता म्हणालात. मंडळी निघाली तेव्हा तुम्ही माझ्या हातात पेढ्यांचा पुडा दिलात. "रागावू नको. जे पुस्तक कुणी उघडलं नसतं ते आज सगळ्यांनी वाचलं, माझ्यामुळे." घरी जाताना रिक्षात वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "पुस्तक वायट हाय का रं?" मी म्हणालो, "न्हाय, बाबा." ते म्हणाले, "मंग तो मास्तर असा का बोलत होता?" मी रिक्षावाल्याला घराकडचं वळण दाखवलं. वडील गेले तोपर्यंत मलाही कारण कळलं नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हा मी तुमच्यावर मृत्युलेख लिहिला. चांगला लिहिला, वेळेत दिला, आणि त्यात एकही खोटं वाक्य नव्हतं. फक्त जागा कमी होती.

आता तुमची इमारत पाडून टॉवर उभा राहतोय आणि बैठक वाचनालयाच्या वरच्या खोलीत होते. तबक तेच, सुपारीचा नियमही तोच. यंदा बाई म्हणाल्या, "सरांची कादंबरी मुलीने छापलीय. एक महिना सरांचा ठेवूया का?" सगळे माझ्याकडे बघायचं टाळत होते, म्हणजे माझ्याकडेच बघत होते. शेठ आता थकलेत, काठी घेऊन येतात. ते हळूच म्हणाले, "भाऊ, तुमच्या मनात असेल तर टाकून द्या. कोण काय बोलणार नाय." त्यांना डिसेंबर आठवत होता. सुपारी माझ्या मुठीत होती. मी ती टाकली नाही. मोठ्या मनाने नाही, सर, गैरसमज नको. मी टाकली असती तर तुम्ही कुणीच न वाचलेले थोर लेखक म्हणून राहिला असता. मला तुम्ही वाचले जायला हवे होतात. बाई सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाल्या, "मग विषयाला नाव तुम्हीच द्या, भाऊ. आणि सुरुवातही तुम्हीच करा." शेठ म्हणाले, "बघा हां. जपून." मी म्हणालो, "जपूनच करतो मी सगळं."

मग कादंबरी वाचली. पेन्सिल घेऊन, शत्रूचा मजकूर तपासावा तशी. वेढा पुस्तकी आहे. सरदार फळ्यावर बोलायचे तसेच बोलतात. राजकन्या तर कापडाच्या दुकानातली बाहुली. प्रत्येक पानावर खूण करत मी सुखाने पुढे जात होतो. आणि सहाव्या प्रकरणात तुम्ही मिठागरावर आलात.

मी पुस्तक मिटून गच्चीत जाऊन उभा राहिलो. तीन वर्षं तुमची सुपारी माझ्या विषयावर का पडत होती, ते तेव्हा कळलं. तुम्ही स्वतः मीठ लिहीत होता. देशावरून आलेले तुम्ही, कधीतरी गुपचूप आमच्या बांधावर येऊन उभे राहिला असणार, कारण भर उन्हात वाफ्यावर धरणारी ती पहिली पांढरी साय, पाटी डोक्यावर घेताना बाईची मान आधी कशी मागे जाते, हे खडूतून येत नाही. एवढंच म्हणायचं होतं ना, सर, की अरे, मीही लिहितोय. मी माझा विषय त्याच दिवशी मागे घेतला असता. तुम्ही मदत मागितली असती तर वडिलांना तुमच्यासोबत बांधावर पाठवलं असतं, त्यांनी तुम्हाला सगळं दाखवलं असतं. त्याऐवजी तुम्ही माझं पुस्तक मारलंत, आणि तेही त्यांच्यादेखत, ज्यांच्याकडून तुम्हाला अजून शिकायचं होतं. दुष्ट माणूस समजणं सोपं होतं. भित्रा माणूस मला जास्त राग आणतो.

ते प्रकरण माझ्या सगळ्या पुस्तकापेक्षा चांगलं आहे. हे मला तीनदा वाचून मान्य करावं लागलं.

मघाशी बाईंना नाव पाठवलं. आधी तुमचंच लिहिलं होतं, फसलेल्या कादंबऱ्या, बोट बटणावर होतं. मग वाटलं, त्या नावाखाली सहावं प्रकरण ठेवलं तर ते खोटं होईल, आणि खोटा मथळा मी आयुष्यात दिलेला नाही. पुसून लिहिलं, मिठागर. त्यांचं उत्तर लगेच आलं: "छानच! मग तुमचंही पुस्तक घेऊया ना जोडीला." हे होणार हे मला दिसायला हवं होतं. म्हणजे आता दोन्ही शेजारी शेजारी वाचली जातील, आणि कुणाचं सरस, ते कुणीतरी प्रामाणिक माणूस बोलेलच.

हे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो. मार्चच्या पहिल्या रविवारी सहावं प्रकरण मी मोठ्याने वाचून दाखवायचं आहे. त्यात एक चूक आहे. तुमचा आगरी अष्टमीच्या भरतीला उघाडी, म्हणजे बांधातली झडप, उघडून खाडीचं पाणी आत घेतो. अष्टमीला भांगाची भरती असते, सर, पाणी चढतच नाही; उधाण येतं ते पौर्णिमेला. वडील म्हणायचे, "आठमीचं पानी बांधाला शिवत बी न्हाय." खोलीतल्या कुणालाही हे माहीत नाही, आणि मी ते भर सभेत सांगावं म्हणून पेन्सिलीने दोनदा अधोरेखितही करून ठेवलं होतं. मी सांगणार नाही. त्या ओळीवर आलो की अष्टमीच्या जागी मी पौर्णिमा वाचणार आहे. तुमच्यासाठी नाही. मजकूर चुकीचा पुढे जाऊ देणं मला जमत नाही.