तुझ्या वाट्याचा बांध

गौरेशदादा,

वादळ संध्याकाळी किनाऱ्याला लागणार म्हणतात. नदीचं खारं पाणी शेतांत शिरू नये म्हणून अख्खं चोपडे गाव बांधावर चिखल टाकतंय. ज्याने त्याने आपल्या शेतापुढचा बांध राखायचा, ही आपली रीत. तू दुबईला गेल्यापासून तुझा तुकडा खचलाय. शंभूकाका त्या खचीकडे बोट दाखवून म्हणाले, "शेवंती, पाणी हयसूनच भितर येतला." मग साडी खोचून मीच उतरले.

काकांची लेक समीक्षा सगळ्यांचे फोटो काढतेय. बांधावर कोण होतं, ते उद्या पोरांना कळायला हवं. तिने विचारलं, "या तुकड्यावर कोणाचं नाव लिहू?" मी माझं सांगितलं.

बांध टिकला तर यंदा हे शेत मीच लावणार. तुला विचारणार नाही, म्हणून हे पत्रही धाडणार नाही.

चिखलाच्या हातांनी,
शेवंती