शेवटच्या बाकावरचा प्रश्न

आबा, दोन दिवस झाले, कशातच मन लागत नाही. चहा ठेवते आणि विसरते. पेपरात पुन्हा तेच आहे, अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या देशांनी एकमेकांच्या रक्षणाचा केलेला करार टिकणार की मोडणार. वाचता वाचता मी सोलापुरातल्या आमच्या कॉलेजच्या सभागृहात जाऊन उभी राहते.

साल चौऱ्याहत्तर. मी बी.ए.ला, राज्यशास्त्र घेतलेली. परिसंवादात त्याच करारावर बोलतेय. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, म्हणून तिकडं आता युद्ध होणार नाही, असं ठासून सांगतेय. अध्यक्ष म्हणाले, कुणाला काही विचारायचंय? आणि शेवटच्या बाकावरून तुम्ही उठलात. गिरणीतून थेट आलेले, केसांत कापूस, टोपी हातात.

"करारातलेच दोघं आपसात भांडले, तर बाकीच्यांनी कुनाकडनं हुबं ऱ्हायाचं?"

पोरं हसली. तुम्हाला वाटलं, त्यांना प्रश्न नीट समजला नसेल. "आमी इटलीत लढाईला हुतो. समदे येकाच बाजूचे. तरी पान्याच्या गाडीपाशी भांडनं व्हायचीच की."

हसू आणखी वाढलं. पहिल्या रांगेतल्या माझ्या मैत्रिणी माना वळवून तुमच्याकडे बघत होत्या. माझे कान तापले. मी म्हणाले, "काका, तुमचा प्रश्न विषयाला धरून नाही."

काका म्हणाले मी तुम्हाला, माझ्या वडिलांना. तुम्ही "बरं बरं" म्हणालात आणि खाली बसलात. बक्षीस मला मिळालं. घरी आईला सांगितलंत, "लई झ्याक बोलली पोरगी." त्या एका शब्दाबद्दल अवाक्षर नाही. मी मान खाली घालून भाकरी मोडत राहिले. माफी मागायला तोंड उघडलं आणि मीठ मागितलं.

त्याच पावसाळ्यात तुर्कस्तानचं सैन्य सायप्रसच्या बेटावर उतरलं. ग्रीस आणि तुर्कस्तान, दोघंही त्याच करारातले, लढाईच्या तोंडाशी आले. बाकीचे समजूत घालत राहिले आणि ग्रीस रागावून करारातल्या लष्करी फळीतून बाहेर पडला. तुम्हाला दिसू नये म्हणून मी पेपर गादीखाली सारला. तुम्ही गिरणीच्या दारावर कुणाच्या तरी पेपरात वाचूनच आला होतात. मला वाटलं, आता मला ऐकवणार. तुम्ही चपला काढत विचारलंत, "त्या बेटावरच्या मानसांचं काय झालं गं? पानी तरी मिळत आसंल का?"

बातमीचा तेवढा भाग मी वाचलाच नव्हता. कोण खरं ठरलं, एवढंच बघितलं होतं.

दोन वर्षांनी तुम्ही गेलात. पुढं मी हाच विषय जन्मभर शिकवला. निवृत्तीनंतरही आठवड्यातून एकदा जाते. परवा मुलांना तुमचा प्रश्न सांगितला. विचारणारा गिरणी कामगार होता, असंही सांगितलं. कुणी हसलं नाही. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, कोण होते ते?"

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. मी घड्याळाकडे बघितलं आणि तास संपला म्हणाले. अजून दहा मिनिटं बाकी होती.