डावं की उजवं

सर, परवा काकू अ‍ॅनाटॉमी डिपार्टमेंटला येऊन गेल्या. केम गावाहून सकाळच्या गाडीनं, सुनेचा हात धरून. जिन्यात दम लागून बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या टेबलासमोर टेकल्या टेकल्या म्हणाल्या, "त्येंचं काय हाय का गं हितं? मला येकदा हात लावू दे की." तुम्ही असता तर चष्मा पुसत बसला असता आणि उत्तर द्यायची पाळी माझ्यावर ढकलली असती. नसूनही तेच केलंत, धन्य आहे तुमची.

तुमची ती बाजाराची लाल पिशवी अजून आहे. एक बंद मी बदललाय, बाकी तीच. खांद्याचं पातं, दंडाचं लांब हाड, कोपराखालची जोडी आणि गळ्याखालचं ते आडवं, किंचित वळलेलं क्लॅव्हिकल, सगळं तिच्यात एकत्र. डोळे मिटायचे, हात घालायचा, हाड कोणतं आणि बाजू कोणती ते सांगायचं. पहिल्या वर्षाची मी तुमच्यासमोर उभी आहे, सोलापूरचं ऊन खिडकीतून आत आलंय आणि मला घाम फुटलाय तो उन्हाचा नाही. "हात घाल की, चावतंय का ते?" तुम्ही ओरडता. हाती क्लॅव्हिकल येतं. खालच्या अंगानं बोट फिरवते तर टोकाजवळ उंचवटा लागतो. "सर, हे मोडून जुळलेलं आहे," मी ऐटीत सांगते. तुम्ही हसून हसून खोकायला लागता. "अगं बाई, ती गाठ समद्यांनाच आसती. तुलाबी हाय." मग शर्टाची वरची गुंडी काढून स्वतःची डावी बाजू दाखवता. "मोडल्यालं आसं दिसतं. स्कूटरवरनं पडलो होटगी रोडला." कातडीखाली सुपारीएवढं टेंगूळ, वरून बघितलं तरी कळावं असं. "बरं, तुझ्या हातातलं कुटल्या बाजूचं?" "डावं," मी ठोकून देते. ते उजवं होतं. तेव्हा मात्र तुम्ही हसला नाहीत. "ठावं नसलं तर ठावं न्हाय म्हणावं. खोटं सांगून मोकळं व्हायचं न्हाय. उद्या टेबलावर माणूस आसंल." अख्ख्या बॅचसमोर माझं तोंड एवढंसं झालं होतं.

देहदानाचं तुम्ही घरी सांगितलंत त्या दिवशीही मी तिथं होते. काकूंनी मला जेवायला बसवलं होतं, कडक भाकरी मोडून त्यावर शेंगाची चटणी आणि तेल. तुम्ही जेवता जेवता, मीठ मागावं तसं सांगून टाकलंत. काकूंच्या हातातलं उलथनं तव्यावर आपटलं. "मग मी काय घिऊन नदीवर जायाचं? राख न्हाय, अस्थी न्हाय. थंडीच्या दिसांत त्या टेंगळाला तेल मी चोळायचं, आन् ते हाड पोरांनी न्यायचं व्हय?" तुम्ही म्हणालात, "पोरं शिकतील की." दोघांनीही माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून भाकरी चावत राहिले, आणि कडक भाकरीचा आवाज किती होतो ते मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही गेल्यावर घरच्यांनी तुमचा शब्द पाळला. काकू खरंच रिकाम्या हातानं परत गेल्या. त्या वर्षी मी डिसेक्शन हॉलमध्ये उतरले नाही, शिकवायला दुसरे विषय मागून घेतले. माझ्यानं झालंच नसतं. त्यामुळं पुढं तुमचं काय झालं ते मला माहीत नाही. काहींची हाडं स्वच्छ करून शिकवायला ठेवतात, काहींचा अंत्यसंस्कार होतो, आणि कुठल्याच हाडावर नाव टाकायचं नाही हा नियम तर तुम्हीच घालून दिलेला. काकूंचा येते म्हणून फोन आला तेव्हा मी सगळ्या पिशव्या, सगळी कपाटं उपसली. डावी क्लॅव्हिकलं टेबलावर ओळीनं मांडली. डोळे उघडे ठेवून बघितली, मग तुम्ही शिकवलं तसं डोळे मिटून चाचपली. तुमचं टेंगूळ कुठंच नव्हतं. फोनवर मी काकूंना येऊ नका म्हणाले, गाडीचा त्रास, ऊन, काय काय सांगितलं. त्या म्हणाल्या, "डाक्टरनं हात टेकलेत, पोरी. आता न्हाय आले तर कवा येऊ?" मग त्या समोर बसल्यावर सांगायचं वाक्य मी पाठ करून ठेवलं. काकू, शोधलं हो, पण सापडलं नाही. एवढंच तर म्हणायचं होतं.

पण मी तोंड उघडायच्या आत त्यांना कोपऱ्यातली पिशवी दिसली. "ही माज्या हातची शिवल्याली," म्हणाल्या आणि ओढून मांडीवर घेतली. तुम्ही हे कधी सांगितलं नव्हतंत, सर. त्यांना कुणीही काही न सांगता त्यांनी डोळे मिटले आणि आत हात घातला. साखरेच्या दुखण्यानं बोटं बधिर झालीयेत त्यांची, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. बराच वेळ चाचपत होत्या. सून माझ्याकडे बघत होती, मी खिडकीकडे. मग त्यांनी एक क्लॅव्हिकल बाहेर काढलं. अंगठा खालच्या अंगानं फिरत फिरत टोकाशी आला आणि थांबला. "ही बघ गाठ. घावली." अंगठा त्या उंचवट्यावर गोल गोल फिरायला लागला, तेल चोळतात तसा.

हाड बारीक होतं, नाजूक. एखाद्या बाईचं असावं. बाजूही बसल्या जागेवरून मला स्वच्छ दिसत होती. एवढी वर्षं पोरांना तेच तर शिकवतेय. काकू त्याच्याशी हळू आवाजात बोलत होत्या, नातीचं लग्न ठरल्याचं सांगत होत्या. काय करायचं होतं मी? हातातून काढून घ्यायचं? घरी न्यायला त्यांनी मागितलंच नाही. स्वतःच परत पिशवीत ठेवलं, बंद बांधला आणि उठताना माझं मनगट धरलं. "तुला कळतंय न्हवं ह्यातलं? खरं सांग. त्येंचं डाव्या बाजूचं हुतं. हे डावंच हाय न्हवं?"

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून निदान इथं तरी खरं लिहिते. ते उजवं होतं, सर. मी म्हणाले, "व्हय काकू, डावंच."